रचलेली भाषा आणि रुळलेली भाषा

इंग्रजी ही आज जगाची कामाची भाषा आहे. ती बोलणारे अंदाजे दीडशे कोटी लोक आहेत आणि त्यांपैकी चाळीस कोटींहून कमी लोकांची ती मातृभाषा आहे. बाकीच्यांनी ती शिकून घेतली आहे. त्यासाठी वर्षे घातली, फी भरली आणि पुष्कळांनी आपण चुकू या भीतीने आयुष्यभर तोंड उघडायचे टाळले. ज्यांना ही भाषा घरात मिळाली, त्यांना यातले काहीच करावे लागले नाही. या विषमतेवर उपाय म्हणून एक कल्पना दीडशे वर्षे पुन्हा पुन्हा मांडली गेली आहे. कोणाचीच नसलेली, म्हणून सर्वांची होऊ शकणारी, अपवाद नसलेल्या व्याकरणाची भाषा मुद्दाम तयार करावी आणि ती जगाने स्वीकारावी. अशी भाषा इंग्रजीची जागा घेऊ शकेल का, आणि घेणार नसेल तर इंग्रजीचा भार हलका करण्याचा दुसरा मार्ग कोणता, याचा हा आढावा आहे. तो पालघर आणि बोईसर-तारापूरच्या भूमीवर उभे राहून घेतला आहे, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू इथे एका जिल्ह्यात सापडतात.

किनाऱ्यावरून गेलेल्या भाषा

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या डोंगरात वारली, कोकणा, कातकरी आणि मल्हार कोळी राहतात. किनाऱ्यावर मांगेले, वाडवळ, भंडारी. दक्षिणेला वसईत सामवेदी आणि ख्रिस्ती समाज. उत्तरेला तलासरी-डहाणूत गुजरातीशी रोजची उठबस. यातल्या बहुतेकांची घरची बोली शाळेतल्या मराठीहून वेगळी आहे. त्यावर तारापूरची औद्योगिक वसाहत आली. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून माणसे आली. सालवड, पास्थळ, कुंभवली, खैरापाडा या गावांच्या चाळींत भोजपुरी, मैथिली आणि उडिया स्थिरावली. या सगळ्यांनी आपसात बोलण्यासाठी जी हिंदी वापरली, ती कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही. लिंगवचनाची फारशी पर्वा न करणारी आणि मराठी-गुजराती शब्द सहज पोटात घेणारी ही हिंदी कोणी ठरवून दिली नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आत काम समजावून सांगायचे होते, त्या गरजेतून ती झाली.

याच किनाऱ्यावर याआधी दोन मोठ्या भाषा मोठेपणाने वावरून गेल्या. फारसी ही मुसलमानी राजवटींच्या दफ्तराची भाषा होती. पोर्तुगीजांना १५३४ मध्ये वसई मिळाली आणि पुढची दोनशे वर्षे दमणपर्यंतचा किनारा त्यांच्या अमलाखाली राहिला. हिंदी महासागराच्या बंदरांतून त्या काळी व्यापाराला पोर्तुगीज चालत असे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि वसई मराठ्यांकडे आली आणि राज्यकर्त्यांबरोबर त्यांची भाषाही मागे सरली. मागे राहिले ते पाव, बटाटा, चावी यांसारखे शब्द. भाषेचा दबदबा तिच्या गुणांवर उभा नसतो, हे या किनाऱ्याने दोनदा पाहिले आहे. इंग्रजीही कायमची नाही. मात्र फारसी किंवा पोर्तुगीज गेली, तेव्हा तिची जागा व्याकरणाने सोप्या भाषेने घेतली नाही. त्या वेळी सत्ता आणि व्यापार ज्यांच्या हाती होता, त्यांच्या भाषेने घेतली.

रचलेल्या भाषांची दीडशे वर्षे

रचलेल्या भाषांपैकी पहिली मोठी लाट व्होलापुकची. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने १८७९-८० मध्ये ती प्रसिद्ध केली. दशकभरात युरोपभर तिची मंडळे निघाली आणि १८८९ ची पॅरिसची परिषद त्याच भाषेत झाली. पण भाषेत सुधारणा करण्याचा अधिकार कोणाचा, यावर निर्माता आणि अनुयायी भांडले आणि चळवळ बघता बघता विरून गेली.

एस्परांतोची गोष्ट वेगळी आहे आणि बोईसरच्या माणसाला ती ओळखीची वाटेल. तिचा निर्माता लुडविक झामेनहॉफ हा बियाविस्तोकचा. हे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातले कापड गिरण्यांचे शहर. यिडिश, पोलिश, रशियन, जर्मन आणि बेलारूसी बोलणारे लोक तिथे एकमेकांकडे संशयाने पाहत राहत होते. भाषा वेगळी म्हणून माणूस शत्रू वाटतो, हे त्या ज्यू मुलाने लहानपणी पाहिले आणि १८८७ मध्ये वॉर्सात आपल्या भाषेचे पहिले पुस्तक काढले. व्याकरणाचे सोळा नियम, अपवाद नाहीत. प्रत्येक नामाचा शेवट 'ओ'ने, प्रत्येक विशेषणाचा 'आ'ने. 'बोना' म्हणजे चांगला, त्याला 'माल' हा उपसर्ग लावला की 'मालबोना' म्हणजे वाईट. थोड्या धातूंवर प्रत्यय चढवून हजारो शब्द करता येतात. झामेनहॉफने भाषेवरचा मालकी हक्कही सोडून दिला, त्यामुळे व्होलापुकसारखी ती एका माणसाबरोबर बुडाली नाही. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर इथे तिची पहिली जागतिक परिषद भरली. आज ती येणाऱ्यांचा अंदाज एक लाखापासून वीस लाखांपर्यंत जातो आणि तिच्यातच लहानाची मोठी झालेली काही मुलेही आहेत. तिच्यात साहित्य आहे, मासिके आहेत, मोठा विकिपीडिया आहे. रचलेल्या भाषेत माणूस जगू शकतो, प्रेम करू शकतो, भांडू शकतो, हा मुद्दा एस्परांतोने कायमचा निकाली काढला.

जगाने मात्र तिला दाराशीच थांबवले. राष्ट्रसंघात १९२० पासून शाळांतून एस्परांतो शिकवावी असा प्रस्ताव होता. संघाचे उपमहासचिव, जपानचे नितोबे इनाझो यांनी तिच्या परिषदेला जाऊन अनुकूल अहवाल दिला. फ्रान्सने विरोध केला, कारण तेव्हा राजनयाची भाषा फ्रेंच होती आणि तो मान सोडायची त्यांची तयारी नव्हती. पुढे हिटलरने या भाषेला ज्यूंचा कट ठरवले. झामेनहॉफची मुलगी लिडिया १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारली गेली. स्टालिनच्या राजवटीनेही एस्परांतोवाद्यांना हेर समजून संपवले. १९५४ मध्ये युनेस्कोने मोंतेव्हिदेओच्या परिषदेत तिच्या कार्याची दखल घेणारा ठराव केला, पण ठरावापुढे काही गेले नाही.

बाकीचे प्रयत्न थोडक्यात पाहता येतील. १९०७ ची इदो ही एस्परांतोच्या सुधारकांची भाषा. तिने चळवळ दुभंगली. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन यांची नोव्हियल १९२८ ची. १९५१ ची इंटरलिंग्वा काही काळ वैद्यकीय नियतकालिकांच्या सारांशांत वापरली गेली. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ८५० शब्दांची बेसिक इंग्लिश मांडली आणि चर्चिल यांनी तिचा पुरस्कार केला. नवी भाषा आणण्याऐवजी चालू साम्राज्याच्या भाषेलाच छोटे करून जगाला द्यायचे, हा तो विचार होता.

सोपेपणा पुरत नाही

रचलेल्या भाषेच्या बाजूचे दोन मुद्दे बळकट आहेत. पहिला शिकण्याच्या सोयीचा. वारली बोलणारे मूल पहिलीत मराठी शिकते, पुढे हिंदी, त्यातच इंग्रजी. इंग्रजीचे स्पेलिंग आणि अनियमित क्रियापदे यांत त्याची वर्षे जातात आणि त्याच वेळात विज्ञान-गणित मागे पडते. नियमित भाषा असती तर हा वेळ वाचला असता, यात शंका नाही. दुसरा मुद्दा समतेचा. ती भाषा लंडनच्या माणसालाही शिकावी लागली असती आणि विक्रमगडच्या मुलीलाही.

पण दोन्ही मुद्द्यांना मर्यादा आहेत. एस्परांतोची बहुतेक मुळे लॅटिन कुळातल्या भाषांची आहेत, थोडी जर्मन आणि स्लाव. इटालियन माणसाला तिचे निम्मे शब्द आधीच ओळखीचे असतात. मराठी माणसाला जवळजवळ सगळे नवे. ती सर्वांना सारखीच परकी नाही. त्याहून मोठी अडचण कोंडीची आहे. भाषा शिकायची तर ती बोलणारे पुष्कळ हवेत, आणि बोलणारे पुष्कळ व्हायचे तर आधी कोणीतरी बोलणाऱ्यांवाचून ती शिकायला हवी. श्रीमंताला हा छंद परवडतो. बोईसरच्या ज्या घरात दोन जणांच्या पगारावर मुलाच्या इंग्रजी शाळेची फी भरली जाते, त्या घराला नोकरी न देणारी भाषा शिकण्याची चैन परवडत नाही. आईबापांचा हा हिशेब चुकीचा नाही. त्यांना इंग्रजीचे व्याकरण आवडते म्हणून ते फी भरत नाहीत. हेल्परचा मुलगा केमिस्ट व्हायचा असेल तर कागद इंग्रजीत आहेत, हे त्यांना ठाऊक आहे.

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात हे अधिक स्पष्ट दिसते. तिथले पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारले आणि ऑक्टोबर १९६९ पासून ते व्यापारी तत्त्वावर चालू लागले. यंत्र अमेरिकी, तर कागदही इंग्रजी, हे समजण्यासारखे होते. २००५ आणि २००६ मध्ये चालू झालेले प्रत्येकी ५४० मेगावॉटचे तिसरे आणि चौथे संच भारतीय अभियंत्यांनी स्वतः रचले. तंत्र स्वदेशी झाले, पण इंग्रजी तिथेच राहिली. देशभरच्या अभियंत्यांचे शिक्षण, नियामक मंडळाची कागदपत्रे, जगाशी होणारी देवाणघेवाण असा साठ-सत्तर वर्षांचा साठा त्या भाषेत जमला आहे. नव्या भाषेला फक्त बोलणारे मिळून भागत नाही. हा सारा साठा तिच्यात यावा लागतो.

ठरवून उभ्या राहिलेल्या भाषा

तरीही माणसांनी ठरवून भाषा उभी केल्याची उदाहरणे आहेत. हिब्रू शतकानुशतके प्रार्थनेची आणि ग्रंथांची भाषा होती. एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये पॅलेस्टाइनला गेले आणि घरात, शाळेत, वर्तमानपत्रात तीच बोलायची-लिहायची असा ध्यास त्यांनी घेतला. १९२२ मध्ये ती तिथली एक राजभाषा झाली. या प्रयोगाची फळे आणि किंमत मराठी माणसांनी अनुभवली आहे. कोकणातले बेने इस्राएली हे मराठी बोलणारे ज्यू. १९४८ नंतर त्यांतले हजारो इस्राएलला गेले आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा गावांत वसले. नव्या देशात हिब्रूवाचून काम नव्हते, म्हणून मोठी माणसे वर्गात बसून ती शिकली आणि मुलांनी ती मातृभाषा केली. तिथल्या मराठी लोकांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले, पण पुढची पिढी हिब्रूत गेली. हिब्रू उभी राहिली, कारण तिच्यामागे शाळा, सैन्य, नोकरी आणि एकत्र राहायला आलेला समाज होता.

इंडोनेशियाने दुसरी वाट घेतली. १९२८ च्या युवक परिषदेत त्यांनी सर्वांत मोठ्या जावानी समाजाची भाषा बाजूला ठेवून बंदरांतून चालणाऱ्या मलायला देशाची भाषा मानले. बहुसंख्याकांनी आपला आग्रह सोडला, म्हणून ती टिकली. भारतात हे घडले नाही. राज्यघटनेने इंग्रजीच्या जागी हिंदी आणायला पंधरा वर्षांची मुदत ठेवली, १९६५ मध्ये तमिळनाडू पेटले आणि इंग्रजी राहिली. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय आले आणि जनमतामुळे २९ जूनला मागे घ्यावे लागले. इंग्रजी अनेकांना परकी म्हणूनच तटस्थ वाटते आणि एस्परांतोचा जो मोठा गुण, त्याची जागा तिने भारतात अर्धवट का होईना बळकावली आहे.

मराठीचा स्वतःचा अनुभवही इथे मोलाचा आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक असे शब्द रूढ केले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनाने कारभारासाठी परिभाषा घडवली. यातले जे शब्द नगरपालिकेच्या पाटीवर आणि वर्तमानपत्रात रोज वापरले गेले, ते रुळले. जे कोशातच राहिले, ते विसरले गेले. एक शब्द रुजवायला इतकी वापराची जमीन लागते, तर अख्ख्या भाषेला किती लागेल!

जिथे रचना जिंकली

इथपर्यंतचा हिशेब रचलेल्या भाषेच्या विरुद्ध जातो. पण तारापूरमध्ये रोज वापरात असलेल्या काही रचना इंग्रजीहून खोल पोचल्या आहेत आणि त्यांना आपण भाषा म्हणत नाही म्हणून त्या नजरेतून सुटतात.

रसायनशास्त्राची भाषा रचलेली आहे. १७८७ मध्ये, एस्परांतोच्या बरोबर शंभर वर्षे आधी, लाव्हाझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थांना घटकांवरून नावे देण्याची पद्धत पॅरिसमध्ये मांडली. पुढे बर्झेलियस यांनी मूलद्रव्यांची अक्षरचिन्हे दिली. १९१९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय रसायनसंस्था आजही त्या नामपद्धतीचे नियम सांभाळते. गंधकाम्लाचे सूत्र बोईसरच्या केमिस्टने लिहिले तर ते चीनमधल्या केमिस्टला वाचता येते. मध्ये इंग्रजी लागत नाही.

चिल्हार फाट्याकडून वसाहतीत येणाऱ्या टँकरवरही अशीच एक भाषा असते. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीतला १८३० हा आकडा म्हणजे तीव्र गंधकाम्ल, १०१७ म्हणजे क्लोरिन, १००५ म्हणजे अमोनिया. टँकर उलटला तर अग्निशमन दलाने काय करायचे, हे त्या फलकावरून कळते. २००३ पासून आलेल्या जागतिक पद्धतीत लाल चौकटीची नऊ धोकाचिन्हे आहेत: ज्योत, कवटी, हातावर सांडणारे आम्ल. समुद्रावर तर इंग्रजीलाच कापून-छाटून नवी रचना केली गेली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठराविक वाक्यांचा संच मंजूर केला, म्हणजे फिलिपिनो कप्तान आणि भारतीय पायलट यांच्यात गैरसमज होऊन जहाजे आदळू नयेत. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचा त्याला असलेला विरोध हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण बंदर झाले तर या किनाऱ्यावर ती भाषा रोज बोलली जाईल.

या रचना का टिकल्या? त्यांनी सगळे बोलायचा हट्ट धरला नाही. एक काम घेतले, ते चुकले तर जीव जातो अशा ठिकाणी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागे कायदा होता. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ मध्ये जगासाठी चित्रभाषा काढली. ती जगाने घेतली नाही, पण १९७१ पासून टोरांटोत बोलू न शकणाऱ्या मुलांना ती आवाज देऊ लागली. रचलेल्या भाषेचे खरे क्षेत्र हे आहे.

यंत्राने प्रश्न सुटतो का?

आता भाषांतर यंत्र करत असेल, तर समान भाषेची गरजच काय, असे विचारले जाते. यात तथ्य आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. गूगलच्या भाषांतरसेवेत एस्परांतो २०१२ मध्ये आली आणि मराठी मे २०१३ मध्ये. राज्य नसलेल्या, मूठभर लोकांच्या भाषेने २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून जास्त मातृभाषक असलेल्या भाषेला मागे टाकले, कारण तिच्या माणसांनी चिकाटीने लिहिले, भाषांतरे केली आणि ती सर्वांना खुली ठेवली. यंत्र लोकसंख्या मोजत नाही. लिहिलेला मजकूर मोजते. केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना २०२२ मध्ये सुरू झाली; तिचा मुख्य भर आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांवर आहे. वारली, कातकरी, मांगेली त्या यादीत नाहीत. म्हणजे यंत्रामुळे इंग्रजी आणि मराठी यांच्यातली भिंत खाली येईल. डोंगरातली भिंत आपण लिहिल्याशिवाय हलणार नाही.

मग उत्तर काय?

रचलेली भाषा इंग्रजीची जागा घेणार नाही. व्याकरणाचा दोष आहे म्हणून नव्हे. अशा भाषेला आपली मानून तिच्यात शाळा, नोकरी, न्यायालय आणि ज्ञानाचा साठा ओतणारी सत्ता जगात नाही म्हणून. इंग्रजी उद्या मागे हटलीच, तर तिच्या जागी दुसऱ्या बलवान समाजाची भाषा किंवा यंत्राचे भाषांतर येईल. एस्परांतोचा समतेचा विचार मात्र टाकून देण्यासारखा नाही. समजण्याचा भार दुबळ्यावर पडू नये, हा त्याचा गाभा आहे आणि तो पाळायला नवी भाषा लागत नाही.

आपल्या कायद्याला हे अर्धे कळले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ ने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायला सांगितले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्या वस्तीला देणे मालकावर बंधनकारक केले. पण बहुसंख्यांची भाषा म्हणजे सर्वांची नव्हे. उडिया हेल्पर आणि ठेकेदाराकडे रोजावर आलेली वारली बाई त्या पाटीबाहेरच राहते. दुसरीकडे, धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता यावी, अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९ मध्ये आली. भार पुन्हा चालकावरच.

डहाणूच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच्या उलट करून दाखवले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे चारत होती. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. ज्ञान माणसाकडे जाते, माणसाला ज्ञानाकडे ओढत आणावे लागत नाही, हे या जिल्ह्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. तारापूरमध्ये त्याच न्यायाने करता येण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक रसायनाच्या सुरक्षापत्राचे पहिले पान हाताळणाऱ्याच्या भाषेत असावे, मग ती उडिया असो की भोजपुरी. धोकाचिन्हे पाटीवर टांगून न थांबता कामावर घेतानाच शिकवावीत. आपत्तीच्या सरावाच्या सूचना वारलीतही द्याव्यात. मराठी शाळेत इंग्रजी चांगली शिकवावी, म्हणजे ती मिळवण्यासाठी मुलाला मराठी सोडावी लागणार नाही. आणि मराठीत विज्ञान-तंत्रज्ञान भरपूर, खुले लिहावे, म्हणजे पुढच्या यंत्रांना आपली भाषा येईल. झामेनहॉफने बियाविस्तोकमध्ये जे मागितले, ते एवढेच होते: भाषा येत नाही म्हणून कोणी माणूस कमी ठरू नये. जगाला एक भाषा देणे त्याला जमले नाही. एका औद्योगिक वसाहतीत प्रत्येकाला त्याच्या भाषेत धोका कळवणे आपल्याला जमण्यासारखे आहे, आणि ते न करण्याला आता कोणतीही सबब उरलेली नाही.